क-ख-ग घोकायचे, पण कळायचे कधी?

संपादक महोदय,

बेळगाव-खानापूर भागात एकाच गल्लीतली काही मुले मराठी शाळेत जातात, काही कन्नड. लिपी वेगळी, पण घोकंपट्टी तीच: क ख ग घ ङ. हा क्रम असाच का, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कंठ, टाळू, मूर्धा (जीभ वर वळवून जिथे ट-ठ म्हणतो तो तोंडाच्या छताचा भाग), दात, ओठ अशी उच्चाराची जागा क, च, ट, त, प या ओळींगणिक मागून पुढे सरकते. गळ्यावर बोटे ठेवून 'अप्पा' आणि 'डब्बा' म्हणून पाहा. ओठ मिटलेले असतानाही 'ब्ब'ला गळा थरथरत राहतो, 'प्प'ला थांबतो. 'क' आणि 'ख'मधला श्वासाचा फरक तोंडासमोर कागदाचा कपटा धरला की दिसतो. याला ना प्रयोगशाळा लागते ना अनुदान!

आपल्याकडे तर याची जास्तच गरज आहे. 'चिंच' शब्दातला पहिला च टाळूचा, दुसरा दातांजवळचा. हा दुसरा च कन्नडमध्ये नाही, म्हणून कन्नड घरातले मूल दोन्ही सारखेच म्हणते आणि वर्गात हशा पिकतो. उलट कन्नडमध्ये ओ आखूड म्हटला तर 'कोडु' म्हणजे दे, लांबवला तर शिंग. मराठी बाराखडीत हा भेद नाही, त्यामुळे आमची मुले तिथे अडखळतात. यात जीभ जड असण्याचा प्रश्नच नाही. लहानपणी कानाला जे भेद पडले नाहीत, ते दाखवूनच द्यावे लागतात.

दोन्ही माध्यमांच्या शाळांनी वर्णमालेच्या तक्त्याशेजारी तोंडाच्या उभ्या छेदाचे एक चित्र टांगावे, एवढीच विनंती.

— एक वाचक, खानापूर