उत्क्रांती शिकवताना आक्षेपांचा इतिहासही शिकवावा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ साली वगळण्यात आला, तेव्हा देशभरातील १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुले पत्र काढले होते. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातील मराठी शाळांमधली मुले ते शिकतात, याचे एक निवृत्त विज्ञान शिक्षिका म्हणून मला मनापासून समाधान वाटते. तरीही प्रकरण पुस्तकात असणे वेगळे आणि ते मुलांना पटणे वेगळे. ‘लॅमार्क चुकला, डार्विन बरोबर ठरला’ एवढ्यावर बहुतेकांची उत्क्रांती आटोपते, आणि पुढे कोणी ‘तो तर एका माणसाचा नुसता तर्क’ असे म्हटले की या मुलांना काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. हा विचार कोणत्या आक्षेपांना तोंड देत उभा राहिला, हे त्यांना वर्गात सांगितले जावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

मुळात ते वाक्यच अपुरे आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लॅमार्कचा ग्रंथ १८०९ साली, म्हणजे डार्विनच्या जन्मवर्षीच, प्रसिद्ध झाला. सजीव पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात, हे ठामपणे मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याची गणना होते. तो चुकला तो हा बदल कसा घडतो हे सांगताना. आणि वापरामुळे अवयवांत झालेले बदल संततीत उतरतात, ही त्याची समजूत खुद्द डार्विननेही पूर्णपणे सोडलेली नव्हती. परिस्थितीला उपयुक्त गुण असलेले जीव अधिक तगतात आणि त्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत वाढत जातात, ही नैसर्गिक निवडीची कल्पनाही एकट्या डार्विनची नाही. मलाया द्वीपसमूहात हिंडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेसला ती स्वतंत्रपणे सुचली आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्रच वाचले गेले.

पुढच्या वर्षी डार्विनचा ग्रंथ आला आणि आक्षेपांना सुरुवात झाली. त्यांतला फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने १८६७ साली घेतलेला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. आईवडिलांचे गुण अपत्यात एकजीव होऊन मिसळतात, असे त्या काळी सर्रास मानले जाई. तसे असेल, तर एखाद्या प्राण्यात उपयुक्त असा नवा गुण उपजला तरी त्याच्या पिल्लांत तो निम्मा उरेल, त्यांच्या पिल्लांत चतुर्थांश, त्यापुढे अष्टमांश, आणि काही पिढ्यांतच निवड होण्याजोगे काही शिल्लक राहणार नाही. डार्विनने हा आक्षेप गांभीर्याने घेतला, पुढील आवृत्तीत मांडणीही बदलली. पण आनुवंशिकतेचे नियमच ठाऊक नसल्यामुळे पुरते उत्तर त्याला देता आले नाही.

हे उत्तर त्याआधी एकच वर्ष, १८६६ साली, छापून झालेले होते. ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेलने वाटाण्याच्या हजारो रोपांवर प्रयोग केले होते. गोल बियांच्या आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाणांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल निघाल्या, आणि दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल तर १,८५० सुरकुतलेल्या. म्हणजे नाहीसा झालेला गुण निम्मा वा पाव न होता जसाच्या तसा परतला. सोलापुरी चादरीत लाल आणि पांढरे सूत एकत्र विणले, म्हणून त्याचे गुलाबी सूत होत नाही. वीण उसवली की दोन्ही धागे आपापल्या रंगाचे निघतात. गुणांचेही तसेच आहे, हे कळले की जेन्किनच्या आक्षेपाचा पायाच निघून जातो. मेंडेलच्या निबंधाचे महत्त्व मात्र जगाला १९०० साली उमगले, तेव्हा मेंडेल आणि डार्विन दोघेही हयात नव्हते.

दुसरा मोठा आक्षेप पदार्थविज्ञानातून आला. पृथ्वी तप्त गोळ्यापासून निवत आली असे धरून लॉर्ड केल्विन यांनी तिचे वय काढले; ते आधी २ ते ४० कोटी वर्षे आणि १८९७ पर्यंत २ ते ४ कोटी वर्षे इतके खाली आले. संथपणे होणाऱ्या उत्क्रांतीला एवढा काळ पुरणे शक्यच नव्हते. केल्विन यांचा हा शेवटचा आकडा खरा असता, तर सोलापूर परिसरात विहीर खोदताना लागणारा काळा खडक पृथ्वीपेक्षाही जुना ठरला असता, कारण दख्खनच्या पठारावरील लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पृथ्वीच्या पोटातील संथ प्रवाह उष्णता वर आणत राहतात, हे केल्विन यांच्या गणितात धरलेले नव्हते. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागला, खडकांचे वय मोजण्याचे साधन हाती आले, आणि आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

एवढ्याने वाद मिटला असेही नाही. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी काहींना उलट असेच वाटले की नवी जात एकदम मोठ्या बदलाने निपजते, डार्विनचे सूक्ष्म बदल गौण आहेत. फिशर, हॉल्डेन आणि राइट या शास्त्रज्ञांनी १९१८ ते १९३२ या काळात गणिताने दाखवून दिले की मेंडेलचे नियम आणि नैसर्गिक निवड परस्परविरोधी नाहीत. यांतले हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

डार्विनने आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांपासून केला, त्यातही कबुतरांवर बराच भर दिला. आपल्याला तितके लांब जायला नको. पुढच्या पेरणीसाठी टपोऱ्या दाण्यांची भरलेली कणसे निवडून बाजूला ठेवणे ही निवडच आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून अशाच निवडीने तयार झालेले मालदांडी ३५-१ हे वाण रब्बीत आजही पेरले जाते. ज्यांच्या घरी ही ज्वारी पिकते, त्या मुलांना ‘निवड’ समजावून सांगायला वेगळे चित्र लागत नाही.

माझी विज्ञान शिक्षकांना विनंती आहे की मेंडेल शिकवण्यापूर्वी एक तास जेन्किनच्या आक्षेपाला द्यावा. मुलांना निम्मे, पाव, अष्टमांश असे फळ्यावर मांडू द्यावे आणि उत्तर लगेच सांगू नये. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांनाही हा तास घेता येईल, कारण आनुवंशिकता त्यांच्या पुस्तकात अजून आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात हे प्रकरण पहिलेच असल्याने शाळा उघडताच ते शिकवायला घेतले जाते, तेव्हा हे पत्र जूनपूर्वी छापले गेल्यास शिक्षकांना त्याचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
सोलापूर