नवा मासा थेट टँकमध्ये सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरी फिश टँक ठेवायचा तर काय काय लागतं यावर लेख आला होता, फोटो छानच होते, पण नवीन आणलेला मासा आधी काही दिवस वेगळा ठेवायचा असतो हे त्यात कुठेच नव्हतं, आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे माझे अकरा मासे गेलेत म्हणून हे पत्र लिहितेय.

आमचा टँक तीन फुटी, सहा वर्षं नीट चाललेला. मुलीच्या वाढदिवसाला स्टेशनजवळच्या एका दुकानातून सहा निऑन टेट्रा आणले, पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि पिशवीतल्या पाण्यासकट टँकमध्ये ओतले, बहुतेक सगळे असंच करतात. चौथ्या दिवशी आमची जुनी एंजल दगडाला अंग घासायला लागली, पाचव्या दिवशी तिच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके. दुकानदाराने टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दिल्या, फोडून पाण्यात टाका म्हणाले. टाकल्या. पाणी पिवळं झालं, वर फेस आला, ठिपके वाढतच गेले आणि आठवड्याभरात अकरा मासे मेले. मुलगी दोन दिवस टँकच्या खोलीत गेली नाही.

नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं की हा व्हाइट स्पॉट, दुकानात ज्याला इक म्हणतात, तो एका पेशीच्या परजीवीमुळे होतो, त्यावर बॅक्टेरिया मारायचं औषध चालणारच नाही. उलट फिल्टरमध्ये जे चांगले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतला अमोनिया संपवतात त्यांनाच त्याचा फटका बसू शकतो. म्हणजे आधीच आजारी असलेले मासे वर अमोनियात राहिले. माणसांना जी कॅप्सूल डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा नियम आहे ती माशासाठी मूठभर मिळते आणि ते पाणी शेवटी गटारात जातं, याचा मला खरंच राग येतो, कारण अशानेच बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासे होतात.

आता महत्त्वाचं. तो परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याला लागतच नाही. तो मोठा होऊन गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो, आत एकाचे शेकडो होतात, कधी हजारापर्यंत, आणि ती पिल्लं बाहेर येऊन पोहत नवीन मासा शोधतात, साधारण दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. औषध लागतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करायचं नसतं, इथेच सगळे चुकतात! पाणी 25-26 डिग्री असेल तर हा फेरा साधारण आठवड्याचा, 29-30 ला तीन-चार दिवसांत होतो, म्हणून हीटर लावून पाणी हळूहळू गरम करायचं, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो तेव्हा एअर पंप जोरात हवा. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवायचे.

पण प्रत्येक पांढरं दिसणारं इक नसतं. तोंडाला कापूस चिकटल्यासारखं दिसलं की सगळे फंगस म्हणतात, पुष्कळदा तो कॉलम्नॅरिस नावाचा बॅक्टेरियाचा आजार असतो आणि त्यात पाणी गरम केलं तर मासा आणखी लवकर जातो. तिथे अँटिबायोटिक लागतं, पण नीट डोसमध्ये आणि पूर्ण दिवस. आणि हे सगळं मोठ्या टँकमध्ये, झाडं आणि वीस माशांसकट, करताच येत नाही, म्हणून तर वेगळा टब हवा.

माझा टब चाळीस लिटरचा, प्लास्टिकचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली. वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, हीटर, थर्मामीटर आणि एक स्पंज फिल्टर जो एरवी मोठ्या टँकमध्येच चालू ठेवते म्हणजे त्यात बॅक्टेरिया तयार असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो त्यामुळे आधी हायपो (क्लोरीन घालवणारे खडे किंवा थेंब) टाकायचा. नवीन मासा जाळीने काढून टबात सोडायचा, पिशवीचं पाणी फेकून द्यायचं, चार आठवडे तिथेच ठेवायचा, आणि टबाची जाळी, सायफन (तळाची घाण पाण्यासकट ओढून काढायची नळी), बादली टँकला लावायची नाही. मागच्या डिसेंबरात आणलेल्या गप्पींना सहाव्या दिवशी ठिपके आलेच, पण टबातच आले. साधं जाडं मीठ दहा लिटरला दोन सपाट चमचे, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून, पाणी 30 पर्यंत, रोज तळ सायफन करून पाव पाणी बदललं आणि बदललेल्या पाण्यापुरतं मीठ परत घातलं. एकही गप्पी गेली नाही. लोच किंवा कॅटफिश असतील तर मात्र मीठ आणि मॅलेकाइट ग्रीन हे इकवरचं औषध दोन्ही जपून, त्यांना ते सोसत नाही. मिथिलिन ब्लू हे निळं औषध टाकणार असाल तर स्पंज आधी काढून घ्या, बॅक्टेरिया मरतात, आणि मग पाणी रोजच्या रोज बदलावं लागतं. हाताला जखम असेल तर हात पाण्यात घालू नका, माशांचा एक बॅक्टेरिया माणसाच्या कातडीत शिरून महिनोन् महिने गाठी राहतात.

दुकानदार वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. कोलकाता, चेन्नईकडून पिशव्यांमधून थकून आलेला मासा त्यांच्याकडे आला की त्याच दिवशी विक्रीला लागतो, त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं. पण लॉट कधी आला हे गिऱ्हाइकाने विचारावं आणि त्यांनी खरं सांगावं, एवढं तर होऊ शकतं. वर्सोव्याच्या मत्स्यशिक्षण संस्थेत माशांच्या आजारांवर शिकवतात, तिथल्या कोणी ठाण्यातल्या दुकानदारांसाठी एक दिवसाचा वर्ग घेतला तर मी स्वतः घरोघरी चिठ्ठ्या वाटीन.

अजून एक, आजारी मासा किंवा नकोसा झालेला सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) मासुंदा, उपवन, कचराळी अशा कुठल्याच तलावात सोडू नका, आजार तिथे पसरतो आणि सकर तर तिथेच वाढत राहतो.

तुमच्या त्या पुरवणीत दिवाळीच्या सुट्टीआधी चार आठवडे वेगळं ठेवण्याची एक चौकट छापाल का? सुट्टीत मुलं हट्टाने मासे आणतात, तेव्हा ती घरात असायला हवी.

आपली,
एक वाचक, चरई, ठाणे