जुना फोन द्या, जमल्यास दोन रविवारही

माटोळीच्या, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या, बाजाराला अजून अवकाश आहे, म्हणून आत्ताच विचारत आहोत: नवा घेतल्यावर खणात टाकून दिलेला, पण चालू असलेला स्मार्टफोन तुमच्या घरी आहे का?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरच्या बायका पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत सोले, आगळ, फणसाची साटं आणि चतुर्थीच्या तोंडावर माटोळीला लागणारी कांगलां-घागऱ्यो घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसतात. परतीच्या कदंब बसची वेळ झाली की उरलेला माल गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला द्यायचा; ओझे परत न्यायचे कोणी? हल्ली गिऱ्हाईक नोटा काढत नाही, स्कॅनर कुठे आहे विचारते. स्कॅनर असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टोपलीला टेकवलेला. पण पैसे जातात लेकाच्या खात्यात. सिम त्याच्या नावावर, मोबाईल त्याच्या खिशात आणि तो वेर्ण्याला ड्युटीवर. पैसे पोचले का, हे विचारायला शेजारणीच्या मोबाईलवरून त्याला फोन लावायचा, तोवर गिऱ्हाईक ताटकळते. लेक वाईट नसतो हो. पण विक्री किती झाली ते विकणारीला रात्री कळते.

फोन तिचा, सिम तिच्या नावावर, खाते तिचे, एवढेच आमच्या मंडळाने मनावर घेतले आहे.

भाव आधी कळला तर काय होते, ते केरळात दिसले आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाईल पोचला. त्याआधी एका बंदरावर तारले घ्यायला कोणी नाही म्हणून फेकायचे आणि थोड्या अंतरावरच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचे. समुद्रातूनच फोन करून होडी कुठे लावायची ते ठरू लागले, तेव्हा मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि मासळी ४ टक्के स्वस्त झाली, असे रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाच्या पाहणीत आढळले. केनियात २००७ साली साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा सुरू झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार तिच्यामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली आणि १ लाख ८५ हजार बायका शेतीतून धंद्याकडे वळल्या. बांगलादेशात मात्र कर्जाने फोन घेऊन गावाला मिनिटावर कॉल विकणाऱ्या बायकांची कमाई, फोन घरोघरी झाल्यावर आटली. तेव्हा धंदा सोलांचाच. फोन फक्त भाव विचारायला, ऑर्डर घ्यायला आणि पैसे मोजायला.

फोन ४जी हवा. फार जुन्या अँड्रॉइडवर बँकेची ॲप चालत नाहीत, आणि बॅटरी फुगलेला फोन कृपा करून देऊ नका. देण्याआधी त्यातले गुगल खाते काढा आणि मग रिसेट करा, नाहीतर फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो. चार्जर असेल तर सोबत द्या. पहिल्या तुकडीला २५ फोन लागतील.

फोनपेक्षा माणसे मिळणे कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन रविवार सकाळी वाळपईला येऊन एकेका बाईशेजारी बसणारे हवेत, तिच्या हातातून फोन काढून न घेता शिकवणारे. पैसे घेताना पिन घालावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो; 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा चोरच असतो, हे तिच्याकडून दहादा वदवून घ्यायचे. फसवणूक झालीच तर १९३० हा क्रमांक. खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या एफएसएसएआयच्या नोंदणीचे अर्ज भरून देणारा कोणी मिळाला, तर त्याचे जेवण आमच्याकडे.

रोख देणगी रिचार्जसाठी आणि नव्या बॅटऱ्यांसाठी वापरू. पावती मिळेल, हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल. फोन रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आणून द्या. चतुर्थीच्या महिनाभर आधी पोचले, तर माटोळीच्या बाजाराआधी शिकवून होईल.

मंडळाच्या कार्यकारिणीतर्फे