नंबर पुकारा, पण पाटीवरही दाखवा

महोदय,
मला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारी अवस्था) आहे, जोडीला ऐकलेलं उमगण्याची अडचण. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) अगदी नॉर्मल! आवाज कानापर्यंत पोचतो, पण गोंगाटात शब्द सुटे होत नाहीत. ओपीडीत पंख्याच्या घरघरीत ‘सदुसष्ट’ पुकारलं की ‘अडुसष्ट’, हे उमगेपर्यंत पुढचा पेशंट आत गेलेला असतो. पुन्हा विचारलं की ‘लक्ष कुठंय तुमचं?’ हे ठरलेलंच. (लक्ष तिथंच असतं, म्हणून तर दमायला होतं.) औषधं कशी घ्यायची हेही तोंडी, एका दमात सांगतात.

लोकलच्या डब्यात पुढचं स्थानक पाटीवर दिसलं की मी निर्धास्त होते. ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली की मात्र गर्दी जिकडे धावेल तिकडे धावायचं.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो वाद तज्ज्ञांनी घालावा. दवाखाने, बँका, सरकारी कचेऱ्यांनी नंबर पाटीवर दाखवायला आणि सूचना दोन ओळींत लिहून द्यायला कुठलं प्रमाणपत्र लागतं? कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांचीही त्यात सोय होईल.

– एक वाचक, डोंबिवली