आवाज हवा आहे, सावकाश वाचणारा

सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलं येतात. घरात मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. बोलतात फटाफट, वाचायला बसली की अडतात. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, त्यामुळे देवनागरीची सवय सावकाशच होते. त्यातून ‘चार’ आणि ‘चाक’, दोन्हींत च एकच लिहायचा आणि उच्चार मात्र वेगळा. ऐकल्याशिवाय कळायचं कसं?

म्हणून समोर पुस्तक, हेडफोनवर त्याचंच रेकॉर्डिंग आणि ओळीवर बोट, असं सुरू केलं. चौथीतल्या एका मुलीचं बोट ‘पाऊलवाट’वर अडलेलं, वाचणाऱ्या बाई पुढच्या परिच्छेदात. “थांब की गं!” ती फोनलाच म्हणाली. वेग ०.७५ केला, बोट आणि आवाज जुळले. मग उत्साहात ०.५ केला, तर शेजारचा मुलगा म्हणाला, “या बाईंना झोप आलीय.” खरंच होतं. ॲप आवाजाची पट्टी तीच ठेवून शब्द ताणतं. स्वर लांबतात, व्यंजनं बोथट होतात. अडणाऱ्या मुलाला शब्द ताणलेला नको असतो, वाक्याच्या दोन तुकड्यांमध्ये जरा उसंत हवी असते. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्या माणसालाच कळतं.

तेव्हा वाचणारी माणसं हवी आहेत. गोष्ट एकच, पण दोनदा वाचायची: एकदा थांबत थांबत, एकदा नेहमीच्या ओघात. मूल सरावलं की दुसऱ्या वाचनाकडे वळेल. पुणेरी उच्चारांची अट नाही, आपलं बडोदेकरी मराठी चालेल. च तेवढे दोन ऐकू यावेत. लेखक जाऊन ६० वर्षं उलटलेल्या गोष्टीच घेतो, म्हणजे हक्कांची कटकट नाही.

शिवाय एक बरा मायक्रोफोन, दहा हेडफोन आणि चालू स्थितीतले जुने फोन हवेत. वस्तू द्या किंवा पैसे, पावती मिळेल. जुन्या गोधड्याही चालतील, रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज फार घुमतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. त्या शहरात गोधड्या मागायला संकोच कसला?

मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ कुणीतरी असतंच. येताना वाचायचा चष्मा आणा, आणि बांगड्या घरी ठेवा. मागच्या दोन गोष्टींत बांगड्याच जास्त बोलल्या आहेत.