लायसनवर नुसतं '१२ बोअर' लिहून भागत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रानडुकरं अन् रोही यांनी तूर, सोयाबीन, ज्वारी कशी झोपवली ह्याच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात, फोटोसकट येतात, चांगलंच आहे. पण त्याच राखणीपायी ज्या घरात बाराबोर आहे त्या बंदुकीबद्दल कुणी काही लिहीत नाही, म्हणून मी लिहायलो. मी माजी सैनिक आहे, जिंतूर तालुक्यात राहतो, शेती करतो. हत्याराशी आयुष्य गेलं तरी, बोअर जुळला म्हणून भागत नाही, काडतुसाची लांबीही बंदुकीला जुळावी लागते, ही गोष्ट मला स्वतःला गेल्या हिवाळ्यापर्यंत नीट माहीत नव्हती, ते आधी सांगतो.

आमच्या थोरल्या भावाकडं पीक संरक्षणाचं लायसन आहे. बंदूक चुलत्याची, चुलते वारल्यावर रीतसर भावाच्या नावावर झाली. जुनी अमेरिकन पंप ॲक्शन (नळीखालची पकड मागं-पुढं ओढून काडतूस भरायची), मागं घोडा उघडा दिसणारी, चुलत्यांनी कुण्या जमान्यात हैदराबादेतून आणलेली. मागच्या इलेक्शनला ठाण्यात जमा केली होती, परत आणली, तेल-पाणी केलं, अन् काडतुसं संपलेली म्हणून दोघं भाऊ दुकानात गेलो. दुकानदारानं लायसन बघितलं, '१२ बोअर' वाचलं, रजिस्टरला नोंद केली, पाकीट हातात दिलं. पाकिटावर ७० मिमी छापलेलं होतं. त्यानं काही विचारलं नाही अन् आम्हीबी नाही.

मग एका रात्री हरभऱ्यात डुकरांचा कळप आला तसा भावानं हवेत बार काढला. पहिल्याच बाराला खांद्याला असा धक्का बसला की तो दोन पावलं मागं सरला. पंप ओढला तर पुंगळी (उडालेल्या काडतुसाचं रिकामं टरफल) निघता निघेना, लई जोर लावला तवा निघाली. दुसऱ्या बाराला पंप जागचा हललाच नाही. सकाळी मी नळी समोर मोकळ्या रानाकडं धरून, दस्ता जमिनीवर आपटून तो उघडला. आतून निघालेल्या पुंगळीचं तोंड बघून माझ्या पोटात गोळा आला, कडेला चिंध्या झालेल्या होत्या अन् प्लास्टिक ओढल्यावानी लांबलेलं होतं.

बंदूक नांदेडला एका जुन्या जाणत्या मिस्त्रीकडं नेली, लायसनवाला मिस्त्री. त्यांनी चेंबरमधी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, गेज (मापाची सळई) घातला अन् सांगितलं, हे चेंबर पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिमीचं, नाही, दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंची आहे, म्हणजे ६७ मिमीच्या जरा आतच. तुम्ही घालताय ७० चं काडतूस.

आता कुणीही म्हणेल की मोठं असतं तर आत गेलंच नसतं. मलाबी तेच वाटलं होतं. सगळी गफलत हितंच होती अन् हे समजायला मला मिस्त्रीकडं अर्धा तास बसावं लागलं. काडतुसावर जी लांबी छापतात ती न उडवलेल्या काडतुसाची नसते, बार झाल्यावर तोंड उघडून जी पुंगळी राहते तिची असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड चुण्या घालून आत दुमडलेलं असतं, त्यामुळं ७० मिमीचं काडतूस हातात घेऊन मोजलं तर ५७-५८ मिमीच भरतं. ते अडीच इंची चेंबरमधीसुद्धा सुळकन जातं, पंप बंद होतो, माणसाला वाटतं बसलं बरोबर. पण बार झाला की त्या चुण्या पुढं उलगडतात, त्यांना उलगडायला जागा लागते, अन् चेंबर जिथं संपतं तिथून नळी नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते. उलगडलेलं तोंड त्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते, छर्रे अन् त्यामागचं बूच त्यातूनच रेटत बाहेर जातं, मागं दाब वाढतो. म्हणून धक्का जास्त, म्हणून पुंगळी अडकते, म्हणून तोंडाच्या चिंध्या.

पहिल्या बाराला बंदूक फुटतेच असं नाही, कितीतरी लोक अशी बंदूक वर्षानुवर्षं चालवत असतील, आम्हीबी 'जुनी आहे, अडकतीच' म्हणून सोडून दिलं असतं. पण जुन्या बंदुकीचं लॉक झिजलेलं असतं, नळीला आतून गंज असतो, दर बाराला थोडं थोडं जास्त सोसून ती एक दिवस ज्याच्या गालाला लागलेली आहे त्याच्याच तोंडावर उघडली तर काय, ह्या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

बारा बोअर म्हणजे काय, तर एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळी रुंद, साडेअठरा मिमीच्या आसपास. म्हणजे हा आकडा नुसती रुंदी सांगतो, लांबीबद्दल तो काहीच सांगत नाही. चेंबर अडीच इंची असू शकतं, पावणेतीन, तीन, अन् आता साडेतीनसुद्धा. मिलिमीटरमधी साधारण ६५, ७०, ७६, ८९. जुन्या इंग्लिश दुनळ्या बऱ्याच अडीच इंची आहेत. विंचेस्टरच्या १८९७ च्या मॉडेलात सुरुवातीच्या बंदुका आमच्यासारख्याच आखूड चेंबरच्या होत्या, नंतरच्या पावणेतीन झाल्या, बाहेरून बघून दोन्ही सारख्याच. सोळा बोअरच्या जुन्या पंपांची चेंबरंही आजच्या काडतुसाला आखूड पडतात. लायसनवर, ठाण्याच्या रजिस्टरला, दुकानाच्या बिलावर सगळीकडं फक्त १२ बोअर, पंप ॲक्शन अन् नंबर. अर्धीच माहिती.

दुसरी गोष्ट नळी बदलायची. आमची कहाणी ऐकून पुतण्याचा एक दोस्त म्हणला काका जुनी नळी काढून टाका, तीन इंची मॅग्नम (लांब, जास्त बारुदाच्या काडतुसाची) नळी मिळायलीय, ती बसवा, कुठलंबी काडतूस चालेल. त्याच्याकडं रेमिंग्टन ८७० आहे, १९५० पासून निघायलेलं मॉडेल, त्याच्या नळ्या एकमेकींना बसतात हे खरं आहे. पण बसणं वेगळं अन् चालणं वेगळं. पावणेतीन इंची रिसिव्हरला (नळी ज्यात बसते त्या बंदुकीच्या मधल्या सांगाड्याला) तीन इंची नळी लावली तर तीन इंची काडतूस चेंबरात जातं, बार होतो, पण पुंगळी आता तीन इंच लांब झालेली, तिला बाहेर पडायला मोकळीक पुरत नाही, पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर पावणेतीनच्या हिशोबानं बसवलेला, मग ती तिथंच अडकते. समोर चवताळलेलं डुक्कर असताना. ह्याच्या उलट केलं तर त्याहून वाईट, रिसिव्हर मॅग्नम अन् नळी पावणेतीनची. रिसिव्हर तीन इंची काडतूस बिनतक्रार पुढं ढकलतो, न उडवलेलं तीन इंची काडतूस ६६ मिमीच्या आसपास असतं म्हणून ते ७० च्या चेंबरात बसतंसुद्धा, अन् मग आमच्या बंदुकीत झालं तेच, जास्त बारुदानिशी.

म्हणून नळीवर जे कोरलंय ते त्या नळीचं खरं धरावं, रिसिव्हरचं वेगळं बघावं, अन् दोन्हीत जे आखूड असेल तेवढंच काडतूस घालावं. इथाकाच्या ३७ मॉडेलमधी तर जुन्या बंदुकांच्या नळ्या कारखान्यातच त्या त्या बंदुकीला घासून बसवलेल्या असायच्या, दुसरीची नळी आणून चालत नाही. मॉसबर्ग ५०० ची नळी खालच्या मॅगझिन ट्यूबच्या (काडतुसं साठवायच्या नळीच्या) लांबीशी जुळावी लागते. अन् नळी म्हणजे काही मोटरसायकलचा पार्ट नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्याराचा भागही हत्यारातच धरलाय, घरी आणून स्वतः खोलायचं काम नाही. चेंबर वाढवून घेऊ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो, जुन्या नळीचं पोलाद तिथं किती जाड राहील हे लायसनवाल्या मिस्त्रीलाच बघू द्या. आम्ही वाढवलं नाही.

माझी मागणी साधी आहे. लायसन नूतनीकरणाला बंदूक दाखवावीच लागते, तवा पोलीस मुख्यालयातल्या आर्मररनं (हत्यारं सांभाळणाऱ्या कारागिरानं) एकदा गेज घालून चेंबरची लांबी मोजावी अन् ती लायसनवर बोअरच्या शेजारी लिहावी. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदारानं पाकीट देताना ती वाचावी अन् मगच ६५ द्यायचं का ७० ते ठरवावं. हे होईल तवा होईल, तोवर ज्यांच्या घरी वडील-चुलत्यांच्या काळची बंदूक आहे त्यांनी ती आधी मोजून घ्यावी, मगच काडतूस भरावं.

आम्ही उरलेली काडतुसं दुकानात परत दिली, रजिस्टरला नोंद करून. पण आम्ही विकत घ्यायला गेलो होतो त्या दिवशी आमच्या पुढं वसमतकडचे एक म्हातारे बाबा उभे होते, धोतर, डोक्याला पांढरा पटका, त्यांनीही तसलंच ७० चं पाकीट घेतलं. बोलता बोलता म्हणले, माझी वडिलांच्या वेळची इंग्लिश दुनळी आहे, अजून झकास चालते. मला तवा काही कळत नव्हतं, मी मान डोलावली. आता रोज वाटतं की ती अडीच इंची असणार. त्यांचं नाव-गाव मी विचारलं नाही, दुकानदार सांगायला तयार नाही. बाबा, हे पत्र तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या वाचनात आलं तर ते पाकीट उघडू नका, आधी दुनळी मिस्त्रीला दाखवा.

आपला,
एक माजी सैनिक
ता. जिंतूर, जि. परभणी