कुशीची वही

नाशिक,
9 मे

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. दुचाकीच्या अपघातात भाच्याचा मानेचा मणका मोडला, शस्त्रक्रिया होऊन प्लेट आणि स्क्रू बसले, आणि आता तुझी ताई भेटेल त्या डॉक्टरांना ‘तो चालेल कधी?’ एवढेच विचारते, हे वाचून सात वर्षांपूर्वीचे आमचे घर डोळ्यांपुढे उभे राहिले. दादा मृगाच्या आधी दिंडोरीच्या शेतात कांद्याच्या चाळीवर पत्रे ठोकायला चढला आणि पत्र्यासकट खाली आला. शेजारच्या चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलले आणि जीपच्या मागच्या बाकावर बसवले. त्यांची माया खरी होती. पण मान आणि पाठ जराही न वाकवता माणसाला फळीवर सरळ न्यायचे असते, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. मज्जारज्जूला पडताना किती इजा झाली आणि उचलताना किती, याचा हिशेब आता कधीच लागणार नाही.

त्यानंतर दोन महिने आम्ही घरचे सगळे त्याच्या पायांकडे पाहत बसलो. अंगठा हलला असे कोणाला वाटले की घरभर पेढे वाटायचेच तेवढे बाकी राहायचे. म्हणून तुला आधीच सांगतो : पायांकडे डॉक्टरांना पाहू दे, तू त्याच्या कातडीकडे आणि लघवीकडे पाहा.

दादाच्या माकडहाडावर एके दिवशी रुपयाएवढा लालसर डाग दिसला. त्या वेळी तो ज्या रुग्णालयात होता, तिथल्या माणसाने घामोळे म्हणून पावडर लावली. दहा दिवसांत तिथे बोटाचे पेर बुडेल एवढा खड्डा पडला आणि तो भरून यायला, शेजारचे मांस फिरवून बसवण्याच्या शस्त्रक्रियेसकट, सात महिने गेले. ते सात महिने व्यायाम बंद, व्हीलचेअर बंद, दादा पालथा. आपण झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो, कारण दबलेली जागा मेंदूला तक्रार करते. अशा रुग्णाच्या बाबतीत ती तक्रार वाटेतच तुटते, हाड आणि गादी यांच्यामध्ये रक्तपुरवठा थांबतो आणि मांस आतून मरू लागते. वर दिसतो तो डाग बऱ्याचदा आतल्या जखमेचे फक्त तोंड असतो. म्हणून बिछान्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलायची. भाचा खुर्चीत बसू लागला की साधारण पंधरा ते तीस मिनिटांनी त्याला पुढे किंवा बाजूला झुकवून बैठकीवरचा भार हलका करायचा. हवेची गादी आणलीस हे चांगले केलेस, पण ती आहे म्हणून कूस चुकवू नकोस. टाचा उशीवर अधांतरी ठेव. मात्र गोल रबरी रिंग मुळीच देऊ नकोस, तिच्या कडेने भोवतालचा रक्तपुरवठा उलट अडतो.

रोज सकाळी अंग पुसताना माकडहाड, कंबरेच्या दोन्ही बाजू, टाचा, घोटे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू पाहायची. डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर भार थोडा कमी केला की तो जातो. पांढरा पडलाच नाही, तर तो पुरता जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार येऊ द्यायचा नाही, आणि चोळायचे तर नाहीच. आपल्या सावळ्या कातडीवर लाली फसवते, म्हणून हाताच्या पाठीने ती जागा भोवतालपेक्षा गरम किंवा टणक लागते का, तेही पाहावे. आम्ही शंभर पानी वही केली. वेळ, कूस, लघवी, शौच असे चार रकाने. वहिनीने तिचे नाव ‘कुशीची वही’ ठेवले. आज अकरावी वही चालू आहे.

या गोष्टी मी मनाने रचलेल्या नाहीत. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक मूळ इजेपेक्षा शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या अशाच जखमा) आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानेच दगावत. 1944 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा आग्रह धरला, रात्री स्वतः फेरी मारून तो पाळायला लावला, आणि त्याच अंगणात 1948 साली रुग्णांची तिरंदाजी भरवली. पॅरालिम्पिकचे, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेचे, मूळ तिथे आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले आणि 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला, पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, हे भाच्याला आज सांगू नकोस. आज तो चिडेल. सहा महिन्यांनी सांग.

आता लघवीचे. सध्या सतत आत ठेवलेली नळी असेल. पुढे डॉक्टर बहुधा चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिकवतील. एका वेळी 500 मिलिलिटरपेक्षा जास्त साठू लागले तर पाणी आणि वेळ यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी आणि नळीला पीळ पडू नये. शौचासाठी रोजची वेळ ठरवा, जेवण किंवा गरम चहा झाल्यावर अर्ध्या तासाने. आतड्याला सवय लागते, ही दादाच्या घरातली मला वाटलेली सर्वांत मोठी सुटका आहे.

दादाची इजा छातीच्या दहाव्या मणक्यापाशी असल्यामुळे एक संकट आमच्याकडे आले नाही. भाच्याकडे ते येऊ शकते, म्हणून नीट वाच. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल, तर मूत्राशय तुंबणे, मलावरोध, अगदी पायाच्या बोटात रुतलेले नखसुद्धा रक्तदाब अचानक भडकवू शकते. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागावर घाम फुटतो. अशा वेळी त्याला ताबडतोब उठवून बसवायचे, पाय खाली सोडायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, मग आधी लघवीची नळी पाहायची. त्याचा नेहमीचा वरचा रक्तदाब 90 ते 110 एवढाच असू शकतो, त्यामुळे 140 हा आकडा पाहून नवखा डॉक्टर ‘नॉर्मल आहे’ म्हणेल. भाच्यासाठी तो नॉर्मल नाही. त्याचा रोजचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून ती व्हीलचेअरच्या पिशवीत ठेव. कारण सापडले नाही किंवा आकडा उतरला नाही, तर वेळ न घालवता 108 ला फोन कर.

तू लिहिलेस की मानेच्या सहाव्या मणक्याची इजा आहे आणि मनगट वर उचलता येते. ही लहान गोष्ट समजू नकोस. मनगट मागे उचलले की बोटे आपोआप थोडी मिटतात, आणि त्या मुठीत पेला, ब्रश, फोन धरता येतो. म्हणून मनगट मागे असताना कोणी प्रेमाने त्याची बोटे ताणून सरळ करू नयेत. तो थोडा ताठरपणाच त्याची पकड आहे. त्याचा फिजिओ हे सांगेलच. जोरात खोकता येत नसल्याने कफ साठतो, तेव्हा छातीचा व्यायामही टाळू नका. इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून या उन्हात त्याची खोली थंड ठेव. आणि गरम पाण्याची पिशवी घरातूनच काढून टाक, कारण भाजलेले त्याला कळणार नाही.

‘स्टेम सेल’ची, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराची, पत्रके ताईच्या हाती पडली असतीलच. आमच्याकडेही एकाने लाखांचे आकडे सांगितले होते. या इजेवर तो सिद्ध झालेला उपचार नाही, त्यासाठी जमीन विकू नका.

ताईला रात्रीच्या कुशीतून सुट्टी मिळेल अशी पाळी लाव. पहिल्या वर्षी वहिनी महिनोन्महिने सलग झोपली नव्हती आणि आम्हा पुरुषांच्या ते लक्षातच आले नाही. याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या शनिवारी येतो. दादाच्या जुन्या वह्यांपैकी एक आणि टाचा पाहायचा हातातला आरसा आणतो. तोवर एक कर : न्हाणीघराच्या दाराची आतली रुंदी टेपने मोजून कळव. आमचे दार दोन फुटांचे होते, व्हीलचेअर त्यात अडकली, आणि दादा घरी आल्यावर त्याच्यासमोर भिंत फोडावी लागली.

तुझाच,
जुना मित्र